घरे धुण्याचा धंदा

मराठी माणसाला धुण्याचे वेड फार जुने असावे. नाहीतर त्या एका क्रियेसाठी आपल्या भाषेत इतके शब्द साठले नसते. आपण कपडे धुतो, भांडी घासतो आणि मग विसळतो, कळशी खंगाळतो, तांदूळ रोळतो, फरशी पुसतो, जमीन सारवतो, अंगण झाडतो आणि त्यावर सडा घालतो. पण एवढ्या मोठ्या भांडारात ‘घर धुणे’ हा प्रयोग काही सुखाने नांदत नाही. घराच्या आतल्या बाजूची काळजी आपण घ्यायची आणि बाहेरची बाजू पावसावर सोपवायची, ही आपली पूर्वापार वाटणी. घर धुण्याचा मान भाषेने फक्त चोरांना दिलेला आहे. ‘चोरांनी घर धुऊन नेले’ असे आपण म्हणतो, आणि त्यात चोरांच्या टापटिपीविषयी थोडे कौतुकही असते असा मला नेहमी संशय येतो.

म्हणूनच आमच्या भाच्याने एका रविवारी चहाचा कप खाली ठेवत “मामा, मी घरं धुण्याचा धंदा काढतोय” असे जाहीर केले, तेव्हा स्वयंपाकघरातून त्याच्या मामीने पहिला प्रश्न विचारला तो असा : “अरे, पोलिसांना सांगितलंस का?”

आम्ही भाईंदरचे. म्हणजे मूळचे गिरगावातले; पण गिरगावातल्या दोन खोल्यांत तिसरी पिढी मावेनाशी झाली, तेव्हा पश्चिम रेल्वेचा रूळ धरून उत्तरेला सरकत सरकत दहिसरच्या पलीकडे येऊन टेकलेल्या हजारो कुटुंबांपैकी एक. त्या वेळी गाडीतून उतरले की एका अंगाला मिठागरे दिसत. मिठाचे पांढरे ढीग, पलीकडे खाडी, आणि वाऱ्याला एक खारट ओलसर वास. १९८५ साली इथे नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका झाली. २००१ च्या शिरगणतीत मीरा-भाईंदरची वस्ती ५ लाख २० हजार होती, ती दहा वर्षांत ८ लाखांच्या वर गेली. एवढी माणसे राहायची तर इमारती हव्यात, आणि इमारती घाईघाईने उठल्या. मिठागरांच्या काठी, खाडीच्या वाऱ्यात, चार-चार महिन्यांच्या पावसात त्या उभ्या आहेत. श्रावण संपता संपता त्यांच्याकडे पाहावे. छज्ज्यांखालून काळे ओघळ उतरलेले, कुंपणाच्या भिंतीवर मखमलीसारखे शेवाळ, जिन्याच्या पहिल्या पायरीवर हिरवा बुळबुळीत थर. त्या थरावरून घसरून दरवर्षी आमच्या वसाहतीतले कुणीतरी एक ज्येष्ठ गृहस्थ गणपती पायावर प्लास्टर बांधून साजरा करतात. थोडक्यात, पावसावर सोपवलेले काम पाऊस कसे करतो ते इथे दिसते. तो धुतो कमी आणि माखतो जास्त.

भाच्याने हे सारे पाहिले होते, आणि त्याच्याकडे पाहण्याची नजरही होती. तो विमानतळाजवळच्या एका मोठ्या हॉटेलात हाउसकीपिंग खात्यात होता. त्या खात्यात काम काय, तर झाडणे, पुसणे, धुणे आणि दुसऱ्यांनी ते नीट केले की नाही हे पाहणे. पण खात्याचे नाव इंग्रजी, अंगात कोट आणि गळ्यात टाय असल्यामुळे आमची बहीण चारचौघांत अभिमानाने सांगत असे, “मोठ्या हॉटेलात आहे हो आमचा!” २०२० साली साथ आली, विमाने थांबली, हॉटेल ओस पडले, आणि त्या टायसकट नोकरी गेली. पुढचे वर्षभर मुलगा घरी बसून अर्ज पाठवीत होता. मग एक दिवस त्याने अर्ज थांबवले आणि हिशेब मांडला.

त्या हिशेबावर आमच्या घरी जी बैठक बसली ती मी विसरणे शक्य नाही. मेहुणे म्हणाले, “पदवी घेऊन भिंती धुणार?” बहिणीचा प्रश्न अधिक व्यावहारिक होता. “दादा, उद्या मुलगी बघायला गेलो, तर मुलगा काय करतो म्हणून सांगायचं?” मी म्हटले, “हॉटेलात काय करत होता म्हणून सांगत होतीस?” ती म्हणाली, “तिथे तो साहेब होता. इथे हातात नळी असेल.”

तिच्या त्या एका वाक्यात आपल्या समाजशास्त्राचे दोन-तीन ग्रंथ मावतील. काम तेच, फक्त माणूस कामाच्या किती जवळ उभा आहे यावर त्याची किंमत. लांब उभे राहून बोट दाखवले की साहेब, वाकून हात लावला की गडी. महाराष्ट्राने या गोष्टीवर थोडा विचार केलेला नाही. गाडगेबाबांनी खराटा हातात घेऊन गावेच्या गावे झाडली. कोकणात आप्पासाहेब पटवर्धनांनी तर १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात मैलासफाईचे काम आपल्याला मिळावे म्हणून अन्न सोडले. वरच्या जातीच्या कैद्याला ते काम देता येत नाही, असे तुरुंगाचे म्हणणे होते. आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही उपवास धरला. अशी माणसे ज्या मातीत झाली, तिथे आमची बहीण नळीला घाबरत होती. याचे कारण मला असे वाटते की, व्रत म्हणून कुणी खराटा हाती घेतला तर आपण त्याची तसबीर लावतो, पण पोटासाठी घेतला तर त्याला घराच्या मागच्या दाराने बोलावतो. आणि ज्यांच्या हाती तो पिढ्यान् पिढ्या न विचारता दिला गेला, त्यांना तर पुढचे दारच कधी दिसले नाही.

भाच्यापुढे व्रताचा प्रश्न नव्हता. त्याला महिन्याच्या महिन्याला पैसे हवे होते. मुद्रा योजनेतल्या ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळते, ते त्याने काढले. कर्जालाही शिशू म्हणतात हे ऐकून त्याच्या मामीला फार बरे वाटले. शिशू म्हटले की ते वाढणार हे ओघानेच आले! दहाहून कमी माणसांच्या धंद्याला २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्याप्रमाणे नुसती सूचना दिली की भागते, ती त्याने दिली; उद्यम नोंदणी विनाशुल्क होती, ती घरबसल्या केली. आणि मग एका संध्याकाळी रिक्षातून ते यंत्र आले.

दिसायला ते अगदीच किरकोळ होते. दोन चाके, एक मोटर, एक पंप, काळी जाड नळी आणि टोकाला बंदुकीसारखा एक लांब दांडा. त्याला गनच म्हणतात. मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब सुमारे दोन बार असतो. या नळीतल्या पाण्याचा १२० बार. भाच्याने मला कागदावर गणित करून दाखवले. तेवढ्या दाबाचे पाणी बारीक तोंडातून सुटते, तेव्हा तोंडाशी त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या वर जातो. मी आयुष्यभर पाण्याला नम्रतेची उपमा देणारे लेख वाचत आलो. खळगा असेल तिथे वळते, भांड्याचा आकार घेते, वगैरे. हे पाणी त्या लेखांतले नव्हते.

या यंत्राचा पूर्वेतिहासही मोठा मजेदार आहे. जर्मनीतल्या कार्शर कंपनीने १९५० साली गरम पाण्याच्या दाबाने धुण्याचे युरोपातले पहिले यंत्र काढले. त्याच कंपनीच्या माणसांनी २००५ साली अमेरिकेत रशमोर पर्वतावर कोरलेले चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे दोरांना लटकून धुतले. वॉशिंग्टन आणि लिंकन यांच्या नाकांवरही शेवाळासारखे थर चढतात हे वाचून मला भाईंदरच्या छज्ज्यांविषयी एकदम आपुलकी वाटली. थोरामोठ्यांच्या तोंडावर जे साचते, ते आमच्या जिन्यावर साचले तर त्यात लाज कसली?

पहिला प्रयोग आमच्याच इमारतीच्या कुंपणावर झाला. सेक्रेटरींची परवानगी घेऊन, थ्री-पिनचे अर्थिंग तपासून त्याने यंत्र लावले. गुडघ्यापर्यंत गमबूट, डोळ्यांवर चष्मा. खटका दाबताच एक कर्कश फूत्कार झाला, आणि काळ्या भिंतीवर वीतभर रुंदीचा एक पिवळा पट्टा उमटला. आमचे कुंपण मुळात पिवळे होते हे त्या क्षणी कित्येकांना नव्याने कळले. मुले ओरडली. वरच्या गॅलऱ्यांतून माणसे वाकून पाहू लागली. दुसरा पट्टा, तिसरा पट्टा. मला शाळेतल्या फळ्याची आठवण झाली. पण फळ्यावर पुसले की अक्षर जाते, इथे पुसले की अक्षर उमटत होते.

मात्र खरे शिक्षण पुढे होते, आणि ते भाच्याबरोबर थोडे मलाही मिळाले. या धंद्यात जोर विकत मिळतो. बेत मात्र शिकावा लागतो. गनच्या तोंडाला लावायच्या टोप्या रंगांनी ओळखतात. लाल टोपीतून सुईसारखी सरळ धार येते. तिने डाग जातो, पण त्याबरोबर गिलावाही जातो, आणि बोट मध्ये आले तर पाणी कातडीत शिरते. पिवळी, हिरवी आणि पांढरी या क्रमाने धार पंख्यासारखी पसरत जाते, आणि काळी टोपी साबणाच्या पाण्यासाठी. भाच्याने लाल टोपी पहिल्याच आठवड्यात एका डबीत घालून कपाटात टाकली. म्हणाला, “हिचा उपयोग एकच मामा, काय वापरायचं नाही ते लक्षात राहतं.” शेवाळावर नुसता मारा करून भागत नाही, ते पुन्हा उगवते, आधी ब्लीचिंगचे सौम्य पाणी लावून दहा मिनिटे थांबायचे आणि मग हलक्या धारेने धुवायचे. ते ब्लीचिंग संडास धुण्याच्या ॲसिडात चुकूनही मिसळायचे नाही, नाहीतर विषारी क्लोरीन वायू सुटतो. साबण खालून वर लावत जायचा, म्हणजे कोरड्या भिंतीवर ओघळांच्या रेघा पडत नाहीत. आणि धुताना वरून खाली यायचे. पेव्हर ब्लॉकच्या फटींतली वाळू उडवायची नाही. गच्चीवरच्या कोब्याला जिथे भेगा आहेत तिथे धार लावायची नाही, नाहीतर पाणी खालच्या माणसाच्या पंख्यावरून ठिबकू लागते. आणि सिमेंटच्या जुन्या ॲस्बेस्टॉस पत्र्यांना तर हातही लावायचा नाही. त्यांचे बारीक तंतू उडून फुप्फुसात बसतात. ही यादी ऐकताना माझ्या मनात येई की, हा मुलगा धुण्याची विद्या शिकतो आहे की न धुण्याची?

पाण्याचा प्रश्न आमच्या वसाहतीतल्या बायकांनी उपस्थित केला आणि तो रास्त होता. उल्हास नदीचे पाणी शहाड-टेमघरहून इतका लांबचा प्रवास करून आमच्याकडे येते. नळाला कधी येईल आणि किती वेळ राहील यावर इथल्या गृहिणींचे पंचांग चालते. ज्या गावात टँकरची वाट पाहत उन्हाळे काढले, तिथे भिंतींना आंघोळी घालायच्या? भाच्याने पुन्हा कागद काढला. त्याचे यंत्र मिनिटाला सात लिटर पाणी घेते; आपली बागेची रबरी नळी त्याच वेळात वीस लिटर सहज सांडते. तीन तासांचे काम म्हणजे १२६० लिटर. “पण हेही लक्षात ठेवा काकू,” तो म्हणाला, “शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाण्याचा सरकारी दंडक आहे. म्हणजे माझ्या तीन तासांत नऊ माणसांचं दिवसाचं पाणी गेलं. ते थोडं नाही.” आपल्याच मालाचा खर्च गिऱ्हाइकाला असा उघडून सांगणारा दुकानदार त्या काकूंनी पूर्वी पाहिला नसावा, त्यांचा विरोध तिथेच निम्मा झाला. तेव्हापासून तो प्रत्येक ठिकाणी आधी बोअर आहे का विचारतो. आमच्याकडचे बोअरचे पाणी मचूळ, त्याने भिंत निघते पण पंपाला क्षार धरतात. म्हणून काम संपले की दोन बादल्या गोडे पाणी यंत्राला पाजायचे, असा त्याने नेम केला आहे. बैलाला पाणी दाखवावे तसा तो संध्याकाळी यंत्राला पाणी दाखवतो.

कामे हळूहळू येऊ लागली. दिवाळीच्या आधीचे चार आठवडे आणि पावसाच्या आधीचा मे महिना ही या धंद्याची सुगी. दोरांना लटकून सातव्या मजल्याची भिंत धुणारे निराळे. हा जमिनीवरचा माणूस. कुंपण, स्टिल्ट, जिना, गच्ची, बैठी घरे, एवढीच त्याची हद्द. पहिल्या बिलाचे साडेतीन हजार रुपये आले तेव्हा त्याने पेढे आणले नाहीत, मदतीच्या माणसासाठी गमबुटाचा दुसरा जोड आणला. हा मदतनीस जालन्याकडचा. पूर्वी एका कंत्राटदाराकडे सफाईच्या कामावर होता. बोलतो कमी, पण कुठला डाग कशाचा हे वासावरून सांगतो. भाचा त्याला ‘दादा’ म्हणतो, आणि डबा दोघे एकत्र खातात.

एकदा उत्तनच्या बाजूला एका जुन्या घराचे काम आले. कौलारू, बसके, चुन्याच्या गिलाव्याचे घर. पेरूच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसलेल्या वृद्ध बाईंनी सांगितले, “नाताळाच्या आधी सगळं पांढरं करून दे, बाबा.” भाच्याने भिंतीवर नख ओढून पाहिले. चुना नखाला आला. त्याने गन गाडीत ठेवली आणि नरम कुंचा काढला. ते दोघे दोन दिवस हाताने ती भिंत पुसत बसले, आणि पैसे यंत्राच्या एका दिवसाचे घेतले. मी म्हटले, “असा धंदा केलास तर हप्ता कसा फिटायचा?” तो म्हणाला, “मामा, यंत्र लावलं असतं तर भिंत स्वच्छ झाली असती, पण भिंत राहिली नसती.”

धुण्याचा आणखी एक गुण त्याच्या लक्षात आला, तो गिऱ्हाइकांना फारसा रुचत नाही. मळ झाकतो, धुणे उघड करते. शेवाळाखाली ज्या भेगा वर्षानुवर्षे सुखाने झोपलेल्या असतात त्या धुतल्याबरोबर जाग्या होतात. गंजलेली सळई दिसते, फुगलेला गिलावा दिसतो. एका सोसायटीच्या चेअरमननी तर भेगा त्यानेच पाडल्या असा आरोप केला. भाच्याने धुण्याच्या आधी आणि नंतर काढलेली छायाचित्रे शांतपणे पुढे केली आणि विचारले, “इमारत तीस वर्षांची झाली ना? मग दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यायचं असतं. झालंय का?” झाले नव्हते. पुढे ते झाले. पण त्या चेअरमननी पुढल्या वर्षी भाच्याला बोलावले नाही. आपल्याला वैद्य आवडतो, तो रोगाचे नाव घेईपर्यंत.

आता ज्या प्रसंगासाठी मी हे सारे सांगत बसलो तो सांगतो. कर्जाचे चार हप्ते उरले असताना एका मोठ्या वसाहतीने त्याला वर्षभराचे काम देऊ केले. सहा इमारतींचे जिने, गच्च्या, कुंपणे. वर्षाचे साठ हजार. आमच्या बहिणीने मनातल्या मनात मुलीकडच्यांना द्यायचे उत्तरही तयार केले असावे. करार लिहायला बसल्यावर तिथले एक गृहस्थ सहज म्हणाले, “आणि हो, मागे संडासाची टाकी आहे, वर्षातून एकदा तीही धुऊन टाका. गाडी येऊन उपसून जाते, पण तळाला गाळ राहतो. तुमच्याकडे पाण्याचा जोर आहे, आत उतरलं की तासाभराचं काम.” भाचा म्हणाला, “आत कुणी उतरत नाही, काका.” त्यावर ते गृहस्थ समजावणीच्या सुरात म्हणाले, “अहो, तुम्ही कशाला उतरताय? तुमचा माणूस आहे ना!”

तो माणूस तिथेच नळी गुंडाळत उभा होता. त्याने मान वर केली नाही.

अशा टाकीत काय असते हे त्याला आमच्यापेक्षा अधिक ठाऊक होते. गाळ ढवळला की सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू उठतो. थोडा असला तर वास येतो. फार झाला तर नाकच मरते आणि वास येत नाही, म्हणजे धोका संपला असे वाटते तेव्हाच तो सर्वांत मोठा असतो. पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि तोही पडतो. संरक्षक साधनांशिवाय माणसाला अशा टाकीत किंवा गटारात सफाईला उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाखांवर नेली. आकडे वाढतात याचा अर्थ माणसे अजून उतरवली जातात, एवढाच. आणि उतरणारे कोण असतात, कुठल्या वस्तीतून येतात, हे आपल्यापैकी कुणालाच विचारावे लागत नाही. ज्यांच्या आज्यापणज्यांना हे काम न विचारता दिले, त्यांच्या नातवाकडे बोट दाखवून आपण म्हणतो, तुमचा माणूस आहे ना.

भाच्याने मोठा वाद घातला नाही. “टाकीचं काम यंत्राच्या गाडीकडूनच करून घ्या. आमचं काम टाकीच्या बाहेर,” एवढे म्हणून त्याने करार बिनसहीचा परत केला. साठ हजार गेले. रिक्षात बसल्यावर, असे तो सांगतो, बराच वेळ कुणी बोलले नाही. स्टेशनाजवळ आल्यावर मदतनीस म्हणाला, “माझा चुलता असाच गेला.” बस, एवढेच. त्या माणसाने वर्षभरात स्वतःविषयी बोललेले हे सर्वांत लांब वाक्य.

घरी ही हकिगत सांगितली तेव्हा मेहुणे हप्त्यांचा हिशेब करू लागले. मी बहिणीकडे पाहत होतो. हातातल्या नळीची जिला लाज वाटत होती, ती आता गेलेल्या साठ हजारांसाठी रडेल असे सर्वांनाच वाटले. ती उठली, मुलाचे ताट वाढले आणि म्हणाली, “दुसऱ्याच्या लेकराला खाली उतरवून आणलेले पैसे मला देवापुढे ठेवता आले नसते.” आणि मग तिने विचारले, “तुझ्याबरोबरचे ते दादा जेवायचे थांबले नाहीत का? असे कसे जाऊ दिलेस त्यांना?”

उरलेले हप्ते फिटायला जरा वेळ लागला, पण फिटले. दुसरे यंत्र आले. मदतनीस आता पगारी नाही, कामाच्या पैशांत चौथा हिस्सा घेतो. आणि आमची बहीण धंद्याची कारकून झाली आहे. दरपत्रके तीच लिहिते. शाळेत सुंदर अक्षराचे बक्षीस मिळाले होते तिला, ते इतक्या वर्षांनी कामाला आले. यंदा दिवाळीच्या कामासाठी तिने आमच्या सोसायटीला पाठवलेला कागद माझ्या पुढ्यात आहे. मामाची इमारत म्हणून त्यात एक पैशाची सवलत नाही. उलट धुण्याच्या दिवशी खिडक्या बंद ठेवाव्यात आणि वाळत घातलेले पापड काढून घ्यावेत अशी सूचना आहे.

वर आम्ही करीत असलेली कामे लिहिली आहेत : जिना, गच्ची, कुंपण, स्टिल्ट, आणि प्रत्येकापुढे दर. खाली एक रेघ मारून तिने दुसरे शीर्षक लिहिले आहे : ‘आम्ही न करणारी कामे’. त्यात चारच ओळी आहेत. ॲस्बेस्टॉसचे पत्रे. यंत्राने चुन्याच्या भिंती. भेगा पडलेली गच्ची. आणि शेवटची ओळ जरा ठळक, टाकाला शाई पुन्हा लावून लिहिल्यासारखी : ‘माणूस आत उतरवावा लागेल असे कोणतेही काम.’

पहिल्या यादीपुढे दर आहेत. दुसरीपुढे काहीच नाही.